थीस हेफ्टीची लांब रायफल

१ मार्च, शनिवार

फ्रीडलीने बाबांच्या रायफलचा दिवा केला!

आज भावाची पासष्टी, म्हणून गेले, तर बैठकीच्या कोपऱ्यात ती उभी. नळीत वायर, डोक्यावर पिवळी शेड. नळी आतून कायमची बुजवलेली, बोल्टातली सुई काढून टाकलेली. "धूळ खात पडली होती गं. आता निदान उजेड तरी देते," म्हणाला. वहिनीने बटण दाबून दाखवलं, सगळ्यांनी वा वा केलं. मी केक खाल्ला आणि लवकर निघाले.

ती मला मिळणार नव्हतीच, हे कळण्याइतकी मी मोठी आहे. एकसष्ट वर्षांची. बाबा सैन्यातून सुटले तेव्हा त्यांची रायफल त्यांना मिळाली, जशी सगळ्यांनाच मिळायची, आणि त्यांच्यामागे ती मुलाकडे गेली. आम्ही मुली नेमबाजीच्या दिवशी खाली, निशाणांच्या पायाशी, खंदकात. वरून गोळी आली की लांब काठीवरची पाटी उंच धरून कुठे लागली ते दाखवायचं, मग भोकावर कागद चिकटवायचा. डोक्यावरून गोळ्या जायच्या. बाबांच्या रायफलचा आवाज मी सगळ्यांत वेगळा ओळखायचे – जाड, जरा उशिरा पोचल्यासारखा. तो आला की हातातलं सोडून त्यांच्या निशाणाकडे पळायचे, दुसऱ्या कुणाला ती पाटी धरू द्यायची नाही म्हणून.

वर जाऊन पालथं पडावं, ती खांद्याला लावावी, आणि माझ्या गोळीची पाटी खालून दुसऱ्या कुणीतरी वर धरावी. बास. इतकी वर्षं हे कुणाला बोलले नाही, कारण ऐकणारा हसला असता.

२ मार्च

क्लबचं पत्रक आलं. मेअखेरची मैदानी नेमबाजी आपल्या गावच्या मैदानावर यंदा शेवटची. मातीत शिसं फार झालंय, आणि वरच्या नव्या घरांना आवाज सहन होत नाही. शरद ऋतूत खंदक बुजवणार. पुढच्या वर्षीपासून सगळ्यांनी खाली शहरातल्या मैदानावर जायचं.

म्हणजे यंदा नाही तर नाहीच.

४ मार्च

क्लबचा सेक्रेटरी म्हणाला, "रोझीना, क्लबची नवी रायफल घे की. हलकी आहे, सोपी आहे." हातात घेऊन पाहिली. गालाला प्लास्टिक लागतं. मला बाबांच्यासारखीच हवी, १९११ची, अक्रोडाच्या दस्त्याची, लांब. अशा हजारो बनवल्या होत्या. एखादी कुठेतरी दिवा न होता राहिली असेलच.

७ मार्च

दाढ काढायला पलीकडच्या खोऱ्यात गेले होते. अर्धं तोंड बधिर, आणि किराणा दुकानाच्या दारात ही पाटी:

"लांब रायफल, १९११. विकणे आहे. नेम धरणाऱ्यालाच. भिंतीवर टांगणाऱ्याने येऊ नये. शनिवारी दुपारी. थीस हेफ्टी, बेकरीच्या मागे."

दुकानदारीण माझ्याकडे बघून हसली. मला वाटलं माझ्या सुजलेल्या गालाला हसली.

८ मार्च, शनिवार

बसने गेले. थीस हेफ्टी चौऱ्याहत्तरचा, जुना बेकर, बेकरी आता भाच्याकडे. उंच, जरा वाकलेला. दार उघडून माझ्या कानाच्या बाजूला कुठेतरी बघत राहिला. नजर फार गेली आहे. मधलं दिसत नाही, कडेकडेचं दिसतं म्हणे.

"कोणासाठी बघताय?"

"माझ्यासाठी."

"हं. केक घ्याल ना? बदामाची बाजू की आलुबुखाराची?"

केक आपल्याकडे करतात तसाच, अर्धा हा, अर्धा तो. पण काय केक! दोन तुकडे खाल्ले, दाढेची खाच दुखत असून. दोन तास बसले. पिठाबद्दल बोललो, डोंगरावर जाणाऱ्या दोरगाडीबद्दल, आमच्या गोंडोल्याबद्दल बोललो – तिथे मी तिकिटं देते म्हटल्यावर त्याला वाऱ्याची सगळी माहिती हवी होती. रायफल दाखवलीच नाही. "पुढच्या शनिवारी," म्हणाला. "आज तेल लावून ठेवलीय, हात चिकट होतील."

१५ मार्च, शनिवार

दाखवली.

जुन्या चादरीत गुंडाळलेली. दस्ता गडद, हाताच्या जागी गुळगुळीत. बोल्ट सरळ मागे ओढायचा, सरळ पुढे ढकलायचा – तो आवाज ऐकून मी खुर्चीवर बसले. मग त्याने मला स्वयंपाकघराच्या फरशीवर पालथं पडायला लावलं! उंबऱ्यावर कोपर, नेम बैठकीतल्या घड्याळावर. नळीच्या टोकाला एक नाणं ठेवलं आणि म्हणाला, चाप असा ओढा की नाणं पडायला नको. रायफल रिकामीच. नाणं पडलं. परत. पडलं. एक बाई आणि एक म्हातारा, दुपारभर नाणं उचलतायत.

त्याला दिसत नाही, पण नाणं फरशीवर वाजलं की "हं" म्हणतो. त्या "हं"चा राग येतो.

२२ मार्च

गोंडोल्यावर ड्यूटी. जाता आलं नाही. वारा होता, गोंडोला दिवसभर बंदच. म्हणजे जाता आलं असतं.

२९ मार्च, शनिवार

नाणं राहिलं. ओळीने तीनदा. थीसने नाणं उचलून मला दिलं, बक्षीस म्हणून, पाच राप्पेनचं.

"मग आज घेऊन जाऊ?" मी विचारलं.

"गडबड आहे का?"

"मेअखेर नेमबाजी आहे."

"मग एप्रिलमध्ये तिचं काय करणार तुम्ही?"

केक खाल्ला. आलुबुखाराची बाजू. आता विचारत नाही तो, वाढतोच.

५ एप्रिल, शनिवार

त्यांच्या गावच्या मैदानावर गेलो. माझ्यामागे तो तिपाईवर बसला. माझी टाच वर राहत होती, तर बुटाच्या टोकाने ती हलकेच खाली दाबली. "पाय जमिनीला द्या. तुम्ही अजून उभ्याच आहात."

पहिली गोळी. कानात बोळे होते तरी तो आवाज आला – जाड, उशिरा पोचणारा. इतकी वर्षं तो मी खालून ऐकला होता. वरून तो अंगातून जातो. मला रडू आलं, घळाघळा, रायफल गालाला तशीच.

थीस म्हणाला, "धूर जातो डोळ्यात."

या काडतुसांना धूर नसतो. बेकर असला तरी एवढं त्याला माहीत आहे.

१२ एप्रिल, शनिवार

विकायला तयार, पण पट्टा उसवलाय. शिवून देतो म्हणाला.

आणखी एक गंमत. मैदानावर पडल्या पडल्या सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात, पोरं म्हाताऱ्यांना करतात. आम्ही दोघं मात्र अजून "तुम्ही". तो वयाने मोठा, म्हणजे "तू" म्हणायचं त्याने सुचवायला हवं. त्याला वाटत असेल मी बाई, तर मी सुचवायला हवं. दोघंही सभ्य, म्हणून दोघंही गप्प. असंच चाललं तर आमच्या थडग्यांवरही "तुम्ही" लिहितील.

१९ एप्रिल, शनिवार

पट्टा शिवला. आता दस्त्याच्या मागच्या पत्र्याचा स्क्रू सैल आहे.

ईस्टरसाठी अंडी रंगवली होती त्याने, कांद्याच्या सालीत. न दिसता! कुठलं अंडं नीट रंगलं ते शेजारणीला विचारतो. त्याच्या बायकोचं नाव आज पहिल्यांदा काढलं त्याने – बेटी. चार वर्षं झाली. रंगवायचं काम तिचं, तो फक्त उकडायचा. एवढंच बोलला आणि दूध आणायला उठला, दूध टेबलावर होतं.

२६ एप्रिल

स्क्रू बसला. नळीत एक डाग आहे म्हणे. मला नाही दिसला. त्याला तर नाहीच.

चिडायला हवं होतं. बसमध्ये चिडले नाही. खिडकीतून बाहेर बघत आले, आणि घरी आल्यावर लक्षात आलं की उतरायचा थांबा मागे गेला.

४ मे, रविवार

ग्लारुसला प्रांतसभा. चौकात सकाळपासून उभं राहून मतांसाठी हात वर केले, खांदे भरून आले. नंतर नेहमीसारखं – पांढरी सॉसेज, बटाट्याचा लगदा, वर शिजवलेले आलुबुखार. टेबलावर समोर डोरा मार्टी बसली होती, थीसच्याच गावची. मी सहज बोलून गेले की रायफल घेतेय थीस हेफ्टीची.

"थीसची रायफल? अगंबाई. तुम्हीसुद्धा?" तिने नवऱ्याला कोपराने ढोसलं. "गेल्या वर्षी हे जायचे. त्याच्या आधी झ्युरिकचा एक डॉक्टर. केक खाऊन खाऊन डॉक्टर जाड झाला, रायफल काही मिळाली नाही."

"माझ्या वेळी स्क्रू सैल होता," तिचा नवरा म्हणाला.

"दर वसंतात पाटी लावतो हो तो. बेटी गेल्यापासून. शनिवारी कुणीतरी यावं म्हणून. गावात सगळ्यांना माहीत आहे, पण नव्या माणसाला कुणी सांगत नाही. बिचारा."

सगळं टेबल मायेने हसलं. मी पण हसले. सॉसेज तशीच टाकून आले.

५ मे

बिचारा कसला! नेमबाजीला चार आठवडे नाहीत आणि माझ्याकडे रायफल नाही. मार्चमध्येच "नाही" म्हणाला असता तर मी दुसरी शोधली असती. मी त्याच्या फरशीवर पालथी पडले. मी त्याच्यापुढे रडले. आणि डॉक्टरही पडला असेल त्याच फरशीवर, त्यालाही नाणं दिलं असेल.

हेच जास्त लागतं आहे. का, ते मला माहीत नाही.

१० मे, शनिवार

नीट लिहायला हवं.

गेले. त्याने केक मांडला होता. मी बसलेही नाही. म्हटलं, "थीस, तू मला फसवलंस. तुला ती विकायचीच नव्हती. तुला केक खायला माणूस हवं होतं."

आणि मग दोघांनाही ऐकू आलं. तू. तेरा वर्षांनी मोठ्या माणसाला, त्याच्याच घरात, न विचारता. आईने थोबाडीत दिली असती. तो उठला. मला वाटलं दार दाखवतोय. कपाटाशी गेला, हाताने चाचपत दोन छोटे ग्लास काढले आणि आलुबुखाराची दारू ओतली, एक थेंब न सांडता.

"'तू' म्हणूनच टाकलंस, तर रीतीने होऊ दे," म्हणाला. "मी थीस."

दंडात दंड अडकवून प्यायलो, जसं "तू"वर येताना पितात. "मी रोझीना." घशापासून पोटापर्यंत आग. राग कुठे ठेवला होता तेच सापडेना.

मग तो बोलला. "खरं आहे. विकायची नव्हती. पाटी लावली की माणसं येतात. रायफल गेली की कसली पाटी लावू? पण ती गोळी मारायला आहे, आणि तुझं मैदान बंद होतंय." त्याने कराराचा कागद काढला, भाच्याकडून आधीच लिहून घेतलेला. तारीख तेवढी भरायची होती. म्हणजे आज देणारच होता की काय? विचारलं नाही. सही कुठे करायची ते दिसेना, म्हणून मी त्याचं बोट ओळीवर नेऊन ठेवलं.

तेव्हाच म्हणायला हवं होतं का, राहू दे, मी अशीच येत जाईन? तोंडाशी आलं होतं. पण बाबांसारखी रायफल समोर होती, माझ्या नावावर होत होती. मी सही केली.

"बघायला ये," मी दारात म्हटलं.

"मला काय दिसणार?"

"ऐकू तर येईल."

"दुसऱ्यांच्या मैदानावर बाकावर बसायला नाही आवडत मला."

बसमध्ये रायफल मांडीवर आडवी. समोरच्या बाईने विचारलं, स्पर्धेला का? मी हो म्हटलं.

१७ मे, शनिवार

रायफल कपाटात. सकाळी आपल्या मैदानावर सराव केला, चांगला झाला. दुपारी दोनची बस खिडकीसमोरून गेली. मी बटाटे सोलत होते. गरजेपेक्षा फार सोलले.

किराणा दुकानाच्या दारात आता ती पाटी नसेल.

२५ मे

फ्रीडली येऊन रायफल बघून गेला. बोल्ट मागे-पुढे केला. "बाबांची अशीच होती," म्हणाला. मी म्हटलं, आहे अजून, तुझ्या बैठकीत, साठ वॅटची. हसला, पण कान लाल झाले.

३१ मे, शनिवार

झाली.

पहिल्या गोळीला लाल पाटी आडवी हलली. चुकली. मागे कुणीतरी चुकचुकल्यासारखा आवाज केला. मी वळून रस्त्याकडे बघत होते – अकराची बस आली, उतरले त्यांत थीस नव्हता. मग टाच आठवली. पाय जमिनीला दिले. कुणाचाही बूट नसताना टाच खाली गेली, आणि त्यानंतर मी खरोखर पडलेली होते, उभी नव्हते. पाटी वर आली. पुन्हा आली. मधोमध. खाली कोण धरतंय ते मला दिसत नव्हतं, आणि तेच तर मला हवं होतं, इतक्या वर्षांपासून.

माळेचं पदक मिळालं, पानांची माळ कोरलेलं, चांगल्या गुणांना देतात ते. सेक्रेटरीने कोटाला टोचलं, तेव्हा स्वतःच्या बोटालाही टोचलं. फ्रीडली म्हणाला, "बाबांसारखी पडतेस गं तू. पाय फाकून." मग नाक शिंकरायला बाजूला गेला. दिवसाच्या शेवटच्या गोळीनंतर खंदकातल्यांनी सगळ्या पाट्या एकदम वर धरल्या आणि तशाच धरून राहिले. कुणी सांगितलं नव्हतं.

एकची बस आली, तीनची आली. मी बाकावर शेजारची जागा पिशवी ठेवून धरली होती. संध्याकाळी पिशवी उचलली.

१ जून

नळी साफ केली. तेल लावलं. आत कुठलाही डाग नाही, आरशासारखी आहे.

हवं ते मिळालं, सगळं. बाबांसारखी रायफल, आपलं मैदान, वर धरलेली पाटी. पण थीस तिथे हवा होता. त्याच्या "हं"साठी कान टवकारून होते मी दिवसभर. लिहिलं. आता हे पान फाडायचं नाही.

३ जून

फोन उचलला, ठेवला. काय सांगू? पदक मिळालं? ते त्याला भाच्याने पेपरातून वाचून दाखवलं असेल.

आमच्या या खोऱ्यांत नुसतं भेटायला कुणी कुणाकडे जात नाही. अंडी लागतात, करवत परत करायची असते, मीटर बघायचा असतो. नुसतंच दारात उभं राहिलं की माणसं घाबरतात – कोण गेलं? मीही घाबरले असते. चार वर्षं तो बिचारा – हो, बिचारा – एका पाटीवर माणसं मिळवत होता, आणि ती पाटी मी माझ्या नावावर करून घरी आणली.

५ जून

वाऱ्यामुळे गोंडोला बंद. तिकीटघरात एकटीच. किती वारा आहे हे एका माणसाला सांगावंसं वाटलं.

७ जून, शनिवार

दोनच्या बसने गेले, रायफल खांद्याला. थीसने दार उघडलं. मी म्हटलं, गोळी डावीकडे मारते ही. फार मारते. पदक कोटावरच राहिलं होतं, ते बसमध्ये काढायला हवं होतं. त्याचा हात रायफल घ्यायला पुढे आला आणि त्या पदकाला लागला. अंगठा त्यावरून एकदा फिरवला, सावकाश, सगळी माळ. मग बोल्ट काढला, नळी खिडकीकडे धरली आणि एक डोळा मिटून बराच वेळ आत बघत राहिला.

"मारते खरी," म्हणाला. "हिला सरळ करायला सगळा उन्हाळा जाईल, रोझीना. कोट काढ."